कोतवालाचा परवाना : स्वातंत्र्य, सुरक्षितता आणि ‘घाशीराम कोतवाल’

मराठी वाङ्मयात आदर्शराज्याची स्वप्ने फारशी विस्ताराने रंगविली गेलेली नाहीत. आणि म्हणूनच की काय, त्या स्वप्नांचा विपर्यास दाखविणाऱ्या दुःस्वप्नराज्याच्या कथाही मराठीत विपुल नाहीत. पाश्चात्त्य वाङ्मयात या दोन प्रकारांचे नाते फार जवळचे आहे. टॉमस मोरने १५१६ मध्ये ‘युटोपिया’ लिहून एका प्रकाराला नाव दिले. जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रतिपक्षाचा उपहास करताना त्याच्या उलट अर्थाचा ‘डिस्टोपियन’ हा शब्द वापरला. पुढे विसाव्या शतकात झाम्यातिन, हक्स्ले आणि ऑर्वेल यांनी या उपहासाच्या शब्दाला एका स्वतंत्र कादंबरीप्रकाराची प्रतिष्ठा मिळवून दिली. या प्रकाराविषयी सामान्य वाचकाची एक समजूत असते. राज्य दुष्ट, व्यक्ती सुष्ट. राज्य सुरक्षिततेचे नाव घेऊन स्वातंत्र्य हिरावून घेते, आणि व्यक्ती ते परत मिळविण्याच्या प्रयत्नात चिरडली जाते. वाचकाने कोणाच्या बाजूने उभे राहायचे, याबद्दल अशा कथेत शंका राहत नाही, अशी ही समजूत आहे.

ही समजूत या प्रकारातील उत्तम कृतींना लागू पडत नाही. ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ ज्या वेळी गुप्त बंडखोर संघटनेत सामील होण्याची शपथ घेतो, त्या वेळी त्याला एक प्रश्न विचारला जातो : कार्यासाठी आवश्यक ठरल्यास एखाद्या लहान मुलाच्या तोंडावर आम्ल फेकण्याची तुमची तयारी आहे काय? विन्स्टन होकार देतो. पुढे छळगृहात त्याचा हा होकार त्यालाच ध्वनिमुद्रित रूपात ऐकविला जातो, तेव्हा आपण राज्यापेक्षा नीतीने श्रेष्ठ आहोत असे म्हणण्याचा त्याचा आधारच नाहीसा होतो. हक्स्लेच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) मधील जगाचा नियंता मुस्तफा माँड हा तर खलनायक म्हणण्याजोगा नाहीच. तो सुशिक्षित आहे, त्याने शेक्सपिअर वाचलेला आहे, आणि लोकांना दुःख नको असते हे त्याचे म्हणणे खोडून काढणे त्याच्या प्रतिपक्ष्याला साधत नाही. त्याही आधी, १८७९-८० मध्ये, दस्तएव्स्कीच्या ‘करामाझोव्ह बंधू’ या कादंबरीतील धर्माधिकाऱ्याने प्रत्यक्ष ख्रिस्तासमोर हाच युक्तिवाद मांडला होता. माणसांना स्वातंत्र्याचे ओझे पेलत नाही. ते ओझे उतरवून घेऊन भाकरी देणारा त्यांना अधिक प्रिय असतो. ख्रिस्त त्यावर काहीच बोलत नाही. हे मौन त्या धर्माधिकाऱ्याला मिळालेले उत्तर आहे की उत्तराचा अभाव आहे, याचा निर्णय अद्याप लागलेला नाही.

तेव्हा या वाङ्मयप्रकाराचे मूल्य त्याच्या भाकितांत किंवा इशाऱ्यांत शोधू नये. सत्प्रवृत्त वाचकाला तो कोठे अडचणीत आणतो, यावर त्याचे मूल्य ठरते. ही कसोटी मान्य केल्यास मराठीत या प्रकाराची एक अव्वल कृती १९७२ सालीच निर्माण झाली, असे म्हणावे लागते. ती कादंबरी नाही, नाटक आहे. आणि भविष्यात घडणारी नाही, अठराव्या शतकातील पुण्यात घडणारी आहे, एवढाच काय तो फरक. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे ते नाटक. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली, भास्कर चंदावरकरांच्या संगीतासह, पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने डिसेंबर १९७२ मध्ये त्याचा पहिला प्रयोग केला. मराठी मनाला भविष्यापेक्षा इतिहासाची भाषा अधिक जवळची वाटते; त्यामुळे आपली दुःस्वप्ने त्याने पेशवाईत पाहावीत, यात आश्चर्य नाही.

ऐतिहासिक घाशीराम सावळदास हा १७७७ पासून १७९१ पर्यंत पुण्याचा कोतवाल होता. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत डांबलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, आणि संतप्त जमावाने घाशीरामाचा दगडांनी अंत केला. मराठी गद्याला ही कथा नवी नव्हती. मोरोबा कान्होबा यांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे पुस्तक १८६३ मध्येच प्रसिद्ध झाले होते. परंतु त्यातील घाशीराम आणि तेंडुलकरांचा घाशीराम यांत नामसादृश्यापलीकडे फारसे काही नाही. आणि तेंडुलकरांनीही आपले नाटक इतिहासाचा पुरावा म्हणून पुढे केलेले नाही. नाना फडणवीसांचे चरित्र म्हणून ते वाचणाऱ्यांनी त्यावर जो रोष केला, तो म्हणूनच अस्थानी होता. मात्र त्या रोषामागे केवळ अज्ञान होते असे मानणेही योग्य नाही. नाटक ज्यांना टोचावे अशा रीतीने लिहिले होते, त्यांना ते टोचले.

नाटकाचा घाशीराम हा प्रारंभी अन्यायाचा बळी आहे. कनोजहून पोटासाठी पुण्यास आलेल्या या ब्राह्मणावर पर्वतीच्या दक्षिणेच्या गर्दीत चोरीचा खोटा आळ येतो. त्याला मारहाण होते, तुरुंगात टाकले जाते, आणि शेवटी नगराबाहेर हाकलले जाते. त्याच्या बाजूने एकही पुणेकर उभा राहत नाही. या पुण्याचे डुकरांचे राज्य करीन, ही त्याची प्रतिज्ञा प्रेक्षकाला त्या क्षणी न्याय्य वाटते. येथेच नाटककाराने पहिला फास टाकला आहे. प्रेक्षकाची सहानुभूती ज्याने मिळविली, तोच पुढे नानांच्या वासनेला आपली कोवळी मुलगी गौरी अर्पण करून कोतवालीची वस्त्रे घेतो. ती वस्त्रे त्याच्या अंगावर चढताना प्रेक्षकाने आपली सहानुभूती परत घ्यावी, तर ती नेमकी कोणत्या क्षणी घ्यावी हे त्याला उमगत नाही. आणि न घ्यावी, तर पुढील सर्व कृत्यांचा तो नकळत भागीदार होतो.

यानंतर रंगभूमीवर जे उभे राहते, ते परवान्यांचे राज्य होय. प्रेतदहनाला परवाना, डुक्कर मारण्यास परवाना, गर्भपाताला परवाना. सदाचाराला परवाना आणि दुराचारालाही परवाना. रात्रीच्या गस्तीत वाटसरू अडविले जातात, घरादारांची झडती होते. परवान्यांची ही यादी प्रेक्षागृहात हशा पिकविते, आणि तेंडुलकरांना तो हशा हवाच आहे. परंतु तो विरल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. घाशीराम पाप बंद करीत नाही, त्याची नोंद करतो. बावनखणीचे दिवे विझत नाहीत; तेथे जाण्यासाठी कोणाची अनुमती लागते एवढेच बदलते. सुरक्षिततेच्या नावाने चाललेल्या कारभाराची ही ओळख अत्यंत अचूक आहे. ज्या राज्यात सर्व काही निषिद्ध असते त्याविरुद्ध माणसे बंड करतात. ज्या राज्यात सर्व काही परवान्याने शक्य असते, तेथे प्रत्येक जण आपापला परवाना मिळविण्यात गुंतलेला असतो, आणि शेजाऱ्याला तो मिळाला नाही याचे त्याला थोडे समाधानही वाटते.

याच राज्यात एका ब्राह्मणावर चोरीचा आळ येतो, आणि दिव्य म्हणून त्याच्या हातावर तप्त लोखंडी गोळा ठेवण्यात येतो. हा प्रसंग काहींना केवळ क्रौर्यदर्शन वाटला. परंतु आरोप तोच आहे, चोरीचा. आणि आरोपीही तसाच आहे, एकाकी. फरक एवढाच, की गर्दीत मार खाणारा पूर्वीचा घाशीराम आता निवाडा करणाऱ्याच्या जागी उभा आहे. अन्यायाने माणसाला न्यायाची तहान लागते, हे तत्त्वज्ञान नाटककाराला मान्य नाही. अन्यायाने माणूस अन्यायाची पद्धत शिकतो, असे तो दाखवितो. ऑर्वेलच्या विन्स्टनने दिलेल्या होकाराशी या प्रसंगाचे नाते फार निकटचे आहे.

स्वातंत्र्य आणि सुरक्षितता या वादात नेहमी तराजूची उपमा दिली जाते. एका पारड्यात स्वातंत्र्य, दुसऱ्यात सुरक्षितता. एक जड झाले की दुसरे वर जाते, आणि सुज्ञ राज्यकर्त्याने काटा मध्यावर ठेवावा. या उपमेत एक गृहीत लपलेले आहे, ते असे की दोन्ही पारडी एकाच माणसाची आहेत. तो आपल्याच स्वातंत्र्याचा काही अंश देतो आणि त्याच्या मोबदल्यात आपलीच सुरक्षितता घेतो. हॉब्सपासून चालत आलेल्या कराराच्या कल्पनेचा पाया हाच आहे. ‘घाशीराम कोतवाल’ या गृहीताला धक्का देते. त्या पुण्यात सुरक्षितता मिळते ती नानांना, त्यांच्या सत्तेला आणि त्यांच्या विलासाला. तिची किंमत चुकते होते ती गौरीच्या देहातून, रात्रीच्या वाटसरूच्या अंगावरील वळांतून आणि शेवटी कोठडीत कोंडलेल्या परदेशी ब्राह्मणांच्या श्वासांतून. घेणारा एक आणि देणारा दुसराच. मग तराजूचा काटा मध्यावर आहे किंवा नाही, हा प्रश्नच निरर्थक ठरतो. तराजू कोणाच्या हातात आहे आणि माल कोणाच्या घरचा आहे, एवढेच विचारायचे उरते.

नानांचे पात्र या दृष्टीने नाटकातील सर्वांत भयावह आहे, आणि ते भय त्यांच्या क्रौर्यातून येत नाही. नाना स्वतः कोणालाही मारीत नाहीत. परक्या मुलखातून आलेला, नगरात आप्तस्वकीय नसलेला कोतवाल नेमण्याचा लाभ त्यांना पुरता ठाऊक आहे. अधिकार नानांचा राहतो, अपकीर्ती घाशीरामाची होते. उद्या तो डोईजड झाला तर त्याच्या रक्षणास कोणी येणार नाही, हेही त्यांनी आधीच हिशेबात धरले आहे. मुस्तफा माँड किंवा ऑर्वेलचा ओब्रायन हे आपल्या व्यवस्थेचे समर्थन करतात. त्यांच्याशी निदान वाद घालता येतो. नाना समर्थन करीतच नाहीत. ते कीर्तन ऐकतात, लग्न करतात, हुकमावर सही करतात. दुष्टतेला सिद्धान्ताची गरज असते असे मानणाऱ्या युरोपीय दुःस्वप्नकथांच्या तुलनेत हे चित्र अधिक खरे वाटते. सत्तेचे बहुतेक व्यवहार सिद्धान्तावाचूनच चालतात.

येथे नाटकाच्या एका उणिवेचा उल्लेख करणे प्राप्त आहे. गौरी ही या साऱ्या व्यवहाराचे चलन आहे. परंतु नाटककारानेही तिला चलनाहून अधिक काही होऊ दिलेले नाही. ती बोलत जवळजवळ नाहीच. तिला काय वाटते, पित्याच्या सौद्याचे ज्ञान तिला केव्हा होते, हे नाटक सांगत नाही. आणि तिचा मृत्यूही आपल्याला घाशीरामाच्या शोकातून व संतापातूनच कळतो. हे मौन हेतुपुरस्सर आहे, जिची किंमत लावली गेली तिला वाचा नसणे हेच भीषण आहे, असे समर्थन करता येईल. ते काही अंशी ग्राह्यही आहे. तथापि बावनखणीतील गुलाबीला जेवढी वाणी आणि जेवढा ठसका लाभला आहे, तेवढाही गौरीच्या वाट्यास न यावा, याचे समाधानकारक उत्तर त्या समर्थनात सापडत नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ लिहिणाऱ्या नाटककाराकडून ही अपेक्षा अवास्तव नव्हती.

शेवटच्या प्रसंगात मात्र तेंडुलकरांचा हात कोठेही कापलेला नाही. जमाव घाशीरामाला मागतो, नाना तो देतात. ज्या ब्राह्मणांनी परवान्यांचे राज्य निमूटपणे सोसले, किंबहुना त्यातून आपापली सोय पाहिली, तेच आता न्यायाचे हत्यार हाती घेतात. घाशीराम पळत नाही; मुलीच्या मरणाचा दोष आपल्या माथी घेऊन तो दगडांना सामोरा जातो. ज्याला प्रेक्षकाने धिक्कारायचे तोच या क्षणी एकटा असा आहे, ज्याला स्वतःच्या अपराधाची जाणीव आहे. मग नाना येतात, नगरावरचे अरिष्ट टळल्याचे जाहीर करतात आणि उत्सवाचा हुकूम देतात. ब्राह्मणांची ती मानवी भिंत, जी नाटकभर कधी पडदा झाली, कधी गुपित झाकणारा आडोसा झाली, तीच पुन्हा डोलू लागते. सुरक्षितता भंग करणाराही घाशीरामच आणि ती पुनः प्रस्थापित झाल्याचा पुरावाही घाशीरामाचे प्रेतच, असा हा हिशेब आहे. प्रेक्षक टाळ्या वाजवितो, आणि आपण कोणाच्या सुरात सूर मिसळीत आहोत हे त्याला क्षणभर कळत नाही.

या नाटकाच्या वाट्याला आलेला इतिहास त्याच्या आशयाला पूरकच ठरला. थोड्याच प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबविले. संस्थेतून बाहेर पडलेल्या कलावंतांनी थिएटर अकॅडमी स्थापन करून ते पुन्हा उभे केले. १९८० मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर नेण्याचे ठरले तेव्हा पुन्हा गदारोळ झाला. परवान्याच्या राज्यावरील नाटकाला स्वतःचा परवाना वारंवार मागावा लागला. तेंडुलकरांना हा अनुभव नवा नव्हता. राज्याच्या रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाशी त्यांचे खटके आधीच उडालेले होते. ‘गिधाडे’च्या १९७० च्या प्रयोगांत लुगड्यावरील रक्ताच्या डागाला आक्षेप घेतला गेला, तेव्हा तो डाग निळा करण्यात आला, आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा असे सांगण्यात आले. प्रेक्षकांची सुरक्षितता जपण्याच्या या उद्योगावर याहून मार्मिक टीका कोणत्याही समीक्षकाला लिहिता आलेली नाही. पुढे जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात, आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा सुरक्षा हा शब्द कायद्याच्या शीर्षकात आला तेव्हा तेव्हा, जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकापर्यंत, या नाटकातील परवान्यांची आठवण निघणे स्वाभाविकच होते.

परंतु येथेच एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो, आणि तो नाटकाच्या निंदकांनी नव्हे तर चाहत्यांनी विचारात घेण्याजोगा आहे. तेंडुलकरांच्या पुण्यात सुरक्षिततेची खरीखुरी गरज असलेला एकही माणूस नाही. ज्याचे घर फोडले गेले असा वाणी नाही, रात्री एकटी परतणारी मोलकरीण नाही, ज्याच्या वस्तीवर धाड पडली असा बलुतेदार नाही. ऐतिहासिक कोतवालाच्या कामात बाजाराची वजनेमापे, गस्त, येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद अशा अनेक गोष्टी मोडत. वाढत्या शहराला त्यांची आवश्यकताही होती. नाटकात हे सारे दडपशाहीचे निमित्त म्हणूनच येते. परिणामी सुरक्षितता हे सत्ताधाऱ्यांचे ढोंगच होय, असा निष्कर्ष प्रेक्षक सहज काढतो. हा निष्कर्ष सोयीचा आहे. तो खरा आहे काय?

पुण्याबाहेरचा, विशेषतः मराठवाड्यातला वाचक या प्रश्नाला वेगळे उत्तर देईल. कुंडलिका नदीच्या एका तीराला जुना जालना आणि दुसऱ्या तीराला नवीन जालना. कापूस आणि धान्य यांच्या व्यापारावर वाढलेले हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात परवान्याचा कारभार रंगभूमीवरचा नव्हता. १९२९ च्या ‘गश्ती निशान ५३’ या हुकमान्वये सभा घेण्यास सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली, आणि सार्वजनिक जीवनाचा गळाच आवळला गेला. याच परिस्थितीत महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. घाशीरामाच्या परवान्यांच्या यादीवर पुण्याचा प्रेक्षक जेथे हसतो, तेथे या भागातील जुन्या पिढीला हसू येणे कठीण होते. इथवर नाटक आणि अनुभव एकमेकांस दुजोरा देतात.

पुढे मात्र त्यांच्या वाटा फुटतात. १९४७-४८ मध्ये रझाकारांनी राज्याच्या रक्षणाच्या नावाखाली जो धुमाकूळ घातला, त्यात गावे लुटली गेली, माणसे मारली गेली, असंख्य कुटुंबे सरहद्द ओलांडून भारतीय संघराज्याच्या मुलखात आश्रयाला गेली. हैदराबादेत ‘इमरोज’ या पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाचा पुरस्कार केला म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. रझाकारांच्या रक्षणात कोण येत होते आणि कोण येत नव्हते, याचे धर्माच्या हिशेबाने दिलेले उत्तर अपुरे आहे हे त्या हत्येने स्पष्ट केले. या काळात सामान्य माणसाने सुरक्षितता मागितली ती काही ढोंग म्हणून नाही. घराचे दार लावून झोपता यावे, ही मागणी स्वातंत्र्याच्या विरुद्ध नव्हती. तिच्यावाचून स्वातंत्र्याला अर्थच नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, तो दिवस मराठवाडा मुक्तिदिन म्हणून पाळतो तो उगाच नव्हे. त्या मुक्तीच्या आनंदाला नाटकाच्या अखेरच्या उत्सवाशी जोडणारा टीकाकार विचारवंत नव्हे, उथळ ठरेल.

आणि तरीही ते नाते सर्वस्वी तोडता येत नाही, हीच या विषयाची नैतिक अडचण आहे. पोलीस कारवाईनंतर संस्थानच्या अनेक भागांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगविला गेला. त्याच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे शिष्टमंडळ १९४८ च्या अखेरीस हिंडले. त्यांनी मृतांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजारांच्या घरात असावी असा अंदाज दिला, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक होरपळल्याचे नमूद केले. हा अहवाल दशकानुदशके अप्रकाशित राहिला. ज्यांनी रझाकारांचे अत्याचार सोसले त्यांपैकी काही जण, आणि ज्यांनी काहीच सोसले नव्हते असेही काही, त्या दिवसांत दगड हाती घेणाऱ्या जमावात होते. आणि ज्यांच्यावर ते पडले त्यांतील बहुतेकांचा रझाकारांशी संबंध नव्हता. घाशीरामावर दगड टाकणाऱ्यांना निदान घाशीरामच सापडला होता. येथे तेवढाही हिशेब जुळला नाही.

या अनुभवाच्या प्रकाशात नाटक पुन्हा वाचले असता त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा एकदमच दिसतात. सुरक्षिततेची मागणी खोटी असते, हे त्याचे ध्वनित विधान टिकत नाही. परंतु एका समूहाला मिळालेल्या सुरक्षिततेची किंमत दुसऱ्याच कोणाकडून वसूल होते, आणि वसुलीच्या वेळी मानवी भिंत आडवी येते, हे त्याचे दर्शन टिकते. इतकेच नव्हे, तर नाटककाराच्या मनात असेल त्याहून अधिक विस्तृत प्रदेशाला ते लागू पडते. नाटकात सुरक्षिततेचा एखादा खरा याचक असता, त्याच्या विनवणीत प्रेक्षकाने आपला आवाज ओळखला असता आणि मग त्याच याचकाला अखेरीस जमावात पाहिले असते, तर हे नाटक दस्तएव्स्कीच्या धर्माधिकाऱ्याशेजारी निःसंकोच बसविता आले असते. आज ते त्याच्या जवळ पोहोचते, शेजारी बसत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ (१९८२) या कादंबरीचा उल्लेख या संदर्भात सहज होतो. वानरांच्या टोळीत नवा हुप्प्या जुन्याला हुसकावतो, पिल्ले मारली जातात, आणि माद्या नव्या सत्तेखाली आपले जीवन पुन्हा सुरू करतात. टोळीचे रक्षण आणि टोळीतील हिंसा यांचे मूळ एकच असल्याचे तेथे कमालीच्या संयमाने दाखविले आहे. पण त्या जगात नाना नाहीत. मारणारा स्वतः मारतो, त्याच्या मागे कीर्तनात रमलेला कोणी उभा नसतो. म्हणूनच ती कथा करुण आहे, नैतिक दृष्ट्या संदिग्ध नाही. संदिग्धतेला हुकमावर सही करणारा हात लागतो.

‘घाशीराम कोतवाल’मध्ये एक गोरा साहेबही वावरतो. पुण्याच्या या व्यवहाराकडे तो प्रेक्षकासारखा पाहत असतो, आणि बहुतेक समीक्षकांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले आहे. वस्तुतः स्वातंत्र्य-सुरक्षिततेच्या मराठी इतिहासातील पुढचा सौदा त्याच्याशीच व्हावयाचा होता. घाशीरामाच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, ऑक्टोबर १८०२ मध्ये, हडपसरला होळकरांकडून पराभूत झालेला दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस इंग्रजांशी तह करून मोकळा झाला. रक्षणासाठी कंपनीची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, आणि परराज्यांशी बोलणी करावयाची तर कंपनीच्या अनुमतीने, अशा त्याच्या अटी होत्या. निजामाने असाच परवाना चार वर्षे आधीच घेतला होता. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, वेलस्लीने शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला तो असईच्या रणांगणावर. असई आज जालना जिल्ह्यात आहे.